मदत हवी आहे: सॅन स्टॉर्म घ्यावी का?
म्हापशात केए (कर्नाटक) पासिंगची सॅन स्टॉर्म, म्हणजे भारतात बनलेली छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, विकायला आहे. फायबरच्या बॉडीची चिंता नाही. भीती खालच्या लोखंडी चासीच्या (सांगाड्याच्या) गंजाची, त्यात गोव्याची खारी हवा. रॅम्पवर चढवून पाहिली. मागच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ हातोडीने ठोकलं की भद्द आवाज येतो, म्हणजे आत गंज असावा, आणि नेमकं तिथेच ताजं अंडरकोटिंग (गंजरोधक लेप)! रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखं आलं. टायमिंग बेल्टची नोंद नाही, तो बदलणारच. आरसीचं नूतनीकरण आणि एनओसी (आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) विक्रेता करून देणार, त्याआधी पैसे नाहीत. गाडी फक्त रविवारी चालेल, पावसात शेडमध्ये. बॉडी उतरवण्याइतकं बजेट नाही. मग बॉडी न उतरवता माउंटिंगपाशी कापून नवा पत्रा वेल्ड केला तर टिकेल, की सौदा सोडावा?