‘एक्साइज’ला अबकारी म्हणावं का?

प्रश्न : अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या करविरोधी व्यंगचित्रांवर लिहिते आहे. ‘एक्साइज’साठी जकात, अबकारी की उत्पादन शुल्क?

प्रतिसाद : जकात तर नकोच. जकात घ्यायचे नाक्यावर, माल आत येताना. १७३३चं भांडण नेमकं याच्या उलट होतं. वाइन आणि तंबाखूवर बंदरात कर होताच. चोरटी आयात थांबावी म्हणून तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल याला तो एक्साइजखाली आणायचा होता : माल गोदामात ठेवा, देशात विकायला काढाल तेव्हा कर भरा. पण एक्साइजचा अंमलदार साठ्याची झडती घेऊ शकत असे आणि त्याचे खटले ज्यूरीपुढे चालत नसत. लोक बिथरले ते याला. उद्या हा माणूस आपल्या घरात शिरेल, भाकरीवरही कर बसेल, अशी हूल उठली.

‘ब्रिटानिया एक्सिसा’ हे चित्र जरूर पाहा. अनेक तोंडांचा ड्रॅगन वॉल्पोलची बग्गी ओढतोय. दिसेल ते खाणंपिणं, तंबाखू गिळतोय आणि एका तोंडानं सोनं ओकतोय, थेट वॉल्पोलच्या पुढ्यात! एप्रिल १७३३मध्ये वॉल्पोलला माघार घ्यावी लागली. तरी राग मुरलेलाच राहिला. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशात एक्साइजची व्याख्याच ‘द्वेषपात्र कर’ अशी केली आणि तो ठरवणाऱ्यांना भाडोत्री नीच माणसं म्हटलं.

अबकारी आपल्याकडे दारूला चिकटलेला शब्द, १८७८चा मुंबई अबकारी कायदा आठवा. ब्रिटनमध्ये साबण, मेणबत्त्या, कातडं यांवरही एक्साइज होता. ‘उत्पादन शुल्क’ अर्थाला जवळचा, पण त्यात धास्ती नाही. मी ‘एक्साइज’च ठेवीन. ‘एक्साइजची धाड पडली’ हे आपण आजही म्हणतो, त्यात तो दारात उभा राहिलेला अंमलदार आपसूक येतो.

प्रश्न : आणि १७३३च्या एक्साइजविरोधी घोषणेतले ‘लाकडी जोडे’? खडावा लिहू?

प्रतिसाद : नको, खडावा म्हटलं की साधू डोळ्यापुढे येतो. ‘गुलामी नको, एक्साइज नको, लाकडी जोडे नकोत’ यातले जोडे फ्रान्समधल्या गरीब शेतकऱ्याच्या पायातले, राजाच्या बेलगाम सत्तेखाली भरडलेल्या रयतेची खूण. ‘लाकडी जोडे’च ठेवा, तळटीप द्या.

दुसरा प्रतिसाद : १७९५चा केसांच्या पावडरीवरचा करही घ्या. वर्षाला एक गिनी भरून पावडर लावणाऱ्यांना लोक ‘गिनीपिग’ म्हणू लागले. व्यंगचित्रकार जेम्स गिलरेनं गिनी वाचवायला पावडर सोडणारं कुटुंब रंगवलंय. इथे भाषांतराची गरजच नाही. सराफाकडच्या ‘गिनी सोन्या’मुळे गिनी हे नाणं आपल्या ओळखीचं आहे आणि गिनीपिगही मराठीत रुळलेला. श्लेष जसाच्या तसा उतरतो.