मदत हवी आहे : खाडीच्या समितीवर सागरी शास्त्रज्ञ कसा घ्यायचा?

आमची ग्रामपंचायत सिंधुदुर्गात, खाडीकाठी. जैवविविधता कायदा, 2002 खालची व्यवस्थापन समिती आहे. तिच्यापुढे कांदळवन (खारफुटी) लागवडीचा आराखडा आलाय. त्यात रोपांसाठी दाखवलेला चिखल म्हणजे ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात तीच जागा! तिथे कांदळ कधीच नव्हतं. समितीतले मच्छीमार हे पोटतिडकीने सांगतात, पण भरतीची पातळी, गाळ, खारेपणा मोजून लेखी मत देणारं कुणी नाही, आणि तोंडी बोलणं कुणी धरत नाही.

रत्नागिरीला राहणारे एक निवृत्त सागरी जीवशास्त्रज्ञ यायला तयार आहेत. मानधन नको, प्रवासखर्च पुरे. ग्रामसभेचा ठराव झालाय. तालुक्याला विचारलं तर "सदस्य स्थानिकच हवा" एवढंच उत्तर, नियम कोणता ते नाही. समितीच्या जागा भरलेल्या आहेत आणि कुणा बाईची जागा काढून घ्यायची नाही, हे नक्की. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर आहे.

बाहेरच्या तज्ज्ञाला निमंत्रित म्हणून घ्यायला ग्रामसभेचा ठराव पुरतो, की नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाची मंजुरी लागते? आणि निमंत्रिताचं लेखी मत इतिवृत्ताला जोडलं, तर आराखडा करणाऱ्यांना त्याला उत्तर द्यावंच लागतं का? कुणाच्या गावात असं केलं असेल, तर ठराव कसा लिहिला होता?