विषय: रि: रि: काकांच्या लायसन्सवर कोणती बंदूक घ्यायची (तातडीचं)

पांढरकवडेकर:
मंडळी, पाटणबोरीला शेती करणाऱ्या काकांचं पीक संरक्षणासाठीचं बंदुकीचं लायसन्स हातात आलं. मागचं सगळं जुन्या मेल्समध्ये आहेच, परत सांगत बसत नाही. आता प्रश्न खरेदीचा, मुदत संपत आलीय आणि घरात एकमत नाही. लायसन्सवर १२ बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, लिहिलंय. काकांच्या डोक्यात मात्र .३१५ रायफल बसलीय, म्हणतात छर्ऱ्याने रोह्याला (नीलगाईला) काही होत नाही, मी अर्ज देऊन लायसन्समध्ये बदल करून घेतो. धाकटा भाऊ म्हणतो पंप अ‍ॅक्शन घ्या, एकदा भरली की लागोपाठ बार टाकता येतात. आणि आजोबांची विलायती दुनळी मोठ्या बाबांच्या नावावर अमरावतीला आहे, कित्येक वर्षं कपाटातच पडून, ती फुकटात मिळेल असं आत्याचं म्हणणं. सोयाबीन कापणीला आलंय, तूर कमरेएवढी झालीय, डुकरं रोज रात्री येतात. शनिवारी फोन करून काकांना एक काय ते सांगायचंय. शेत विका हा सल्ला मागच्या वेळी भरपूर मिळाला, तो सोडून बोला प्लीज.

डॅलसवाले दादा:
काकांचं बरोबर आहे. मी इथे मित्राच्या रँचवर हॉग्ज मारायला जातो, ते शॉटगनचं काम नाही. .३०८ रायफल किंवा एआर (सेमी ऑटो रायफल), वर रात्री दिसणारा थर्मल स्कोप, शंभर-दीडशे यार्डांवरून आरामात. टेक्ससमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही. रायफलच घ्या, पैसे कमी पडत असतील तर मी घालतो.

हिंगणघाटचे भाऊ:
दादा, ते टेक्सास हाये, हे पाटणबोरी हाये. तुह्या त्या रँचवर मैलभर मानूस नसते. आपल्याकडं धुऱ्याले धुरा लागून, अन् दिवाळीच्या आंधी जाऊन पाहा रात्री, दर दोन वावराआड एक जन जागलीले. कोनी मचानावर, कोनी बैलबंडीखाली गोधडी घेऊन. .३१५ ची गोळी डुकराले लागली तं ठीक, नाही लागली तं कुठं जाते? दोन किलोमीटरच्या वर जाते बावा. रान सपाट, मांगं ना टेकडी ना बांध. एल.जी.चे, म्हंजे १२ बोअरच्या मोठ्या छर्ऱ्याचे, दाने काहीशे मीटरात जमिनीवर पडतात. आमच्या गावात एकानं कपाशीच्या पऱ्हाटीत काहीतरी हाललं म्हनून अंधारात बार टाकला, शेजाऱ्याची कालवड होती. लांबून होता अन् एल.जी. होती म्हनून वाचली. पाठीत दोन दाने होते, कातडीखाली हाताले लागत होते, डॉक्टरनं काढले तवा मीच तिचे पाय धरले होते. रायफल असती तं आरपार जाऊन पुढच्या मचानावरचा मानूस गेला असता. काकाले सांग, बंदूक डुकराकडं पाहून घेऊ नोको, शेजाऱ्याकडं पाहून घे.

सेक्रेटरी:
सर्वांना विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. फराळाच्या ऑर्डरी उद्या रात्रीपर्यंत हव्यात, अजून निम्म्या घरांची उत्तरं नाहीत. आणि शस्त्रांची चर्चा उघड लिस्टवर नको वाटते, नवीन आलेली मुलं व्हिसावर आहेत.

अचलपूरच्या काकू:
सेक्रेटरी भाऊ, फराळाची ऑर्डर मी सोमवारीच दिली. पण हा विषय बंद करू नका. इथल्या निम्म्या घरांची वावरं अजून तिकडे आहेत आणि ठेक्याने द्यायची तर डुकरांपायी कोणी घेत नाही. आमच्याकडे भुईमूग पेरणं कधीच बंद झालं, आता हरभऱ्यावर आलंय. यात बेकायदेशीर काय आहे? लायसन्स काढूनच घेताहेत ना. बेकायदेशीर ते, जे लाइनीवर आकडा टाकून तारेत करंट सोडतात आणि सकाळी माणूस नाहीतर वाघ मेलेला सापडतो. त्याविरुद्ध कोणी मेल करत नाही. माझ्या भावाने बंदुकीचा नाद सोडून झटका मशीन लावलं, कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं, सोलरवरचं, दोन हंगाम झाले, बरं चाललंय.

डॅलसवाले दादा:
झटक्याने रोही थांबत नाही काकू, उडी मारून जातो. आणि भाऊ, सेफ बॅकस्टॉप, म्हणजे मागे गोळी अडवणारं काही, पाहूनच ट्रिगर दाबायचा हे बेसिक आहे, त्यात रायफलचा दोष नाही. एआर नाही मिळणार, ठीक, बोल्ट अ‍ॅक्शन तर मिळते ना? नाहीतर मी पुढच्या ट्रिपला इथूनच काही नेऊ शकतो का, परमिट काढून?

अंबाझरीवाले काका:
दादा, ते मनातूनही काढा. सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणायला १९८० च्या दशकातच बंदी आली, नामांकित नेमबाजांना सवलत आहे, नुसत्या ट्रिपला जाणाऱ्या तुम्हाआम्हाला नाही. म्हणून तर जुन्या विलायती बंदुकांना तिकडे एवढा भाव आहे. सेमी ऑटो रायफलही आपल्याकडे साध्या लायसन्सवर मिळत नाही.

आता पांढरकवडेकरांच्या मुद्द्यावर. मी नोकरीत होतो तेव्हापासून लोक मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. .३१५ ही ईशापूरची पाच गोळ्यांची बोल्ट अ‍ॅक्शन, यंत्र उत्तम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण आर्म्स अ‍ॅक्टचं कलम १३ काढून वाचा. पीक संरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरलीय. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी किमान २० इंच. रायफल या वाटेत कुठेच नाही, ती सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे काका जो बदल मागायला निघालेत, त्यात हातातलं १२ बोअरही लटकू शकतं. मिळालंय ते आधी पदरात पाडून घ्या.

पंप अ‍ॅक्शनबद्दल माझं मत वाईट आहे. काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये, वरून दिसत नाहीत. थकलेला माणूस पहाटे जागलीवरून येतो, बंदूक भिंतीला टेकवतो आणि समजतो रिकामी आहे. घरात नातवंडं आहेत ना? दुनळी मोडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो, ओसरीतल्या माणसालाही कळतं की आत काही नाही. शिवाय चिखल, पाऊस, पऱ्हाटीचा कचरा यात दुनळीत अडकण्यासारखं फार कमी असतं. डुक्कर एल.जी.ने किंवा एस.जी.ने (दोन्ही मोठे छर्रे) मारायचं तर तीसेक मीटरच्या आतच, त्यापुढे जखमी होऊन पळतं आणि जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगावर जातं. दोन बारांत जमलं नाही तर पाच बारांतही नाही जमत.

भद्रावतीकर:
अंबाझरीवाल्या काकांना मान आहे पण अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफगोळ्यांचं काम चालतं, शिकारी बंदुका तिथे बनत नाहीत, नवीन लोकांचा गैरसमज नको. बंदुका ईशापूर आणि कानपूरच्या, १२ बोअरची शक्तिमान काडतुसं आपल्या खडकीची. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून बंदुकांचं खातं कानपूरच्या कंपनीकडे आणि दारूगोळ्याचं पुण्याच्या. खरेदी मात्र लायसन्सधारक डीलरकडेच, आणि घेण्याआधी बंदूक स्वतः खांद्याला लावून पाहा. पांढरकवडेकरांचे काका पाच फूट तीन-चार इंच असतील, दस्ता लांब पडला तर गालावर फटका बसतो.

आजोबांच्या दुनळीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरा धोका तिथे आहे. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, पुष्कळदा ६५ मिलीमीटरचं असतं, आजची काडतुसं ७० ची. गंमत नाही ही, ७० चं काडतूस त्यात सहज जातं, बंदूक नीट बंद होते, म्हणून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. बार झाला की काडतुसाचं दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. पुढचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा, खालच्या सपाट बाजूला २½ की २¾ कोरलंय ते पाहा आणि नायट्रो प्रूफ (आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का) आहे का तेही पाहा. नळीवर लाटांची नक्षी, म्हणजे जुनी डमास्कस नळी, असेल तर ती आजच्या काडतुसाने उडवूच नका, भिंतीवर किती का शोभेना. मग बंद करून हलवा, सांध्यात ढिलाई नको.

अंबाझरीवाले काका:
मी बंदुका बनवल्या असं कुठेही लिहिलेलं नाही. बाकी चेंबरचं बरोबर. वारसाचंही पाहा. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्सधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. पण मोठ्या बाबांचा वारस म्हटलं की आधी त्यांचा मुलगा येतो. त्याला विचारलं का कोणी? आत्या फुकट म्हणाल्या तरी कागद फुकट होत नाहीत, आणि त्यात भावाभावात वाईटपणा.

हिंगणघाटचे भाऊ:
एक गोष्ट कोनीच नाही बोललं. इलेक्शन लागलं का बंदूक ठान्यात जमा करा म्हनून नोटीस येते. आपल्या विधानसभा पाहा, २०१४ ले ऑक्टोबर, २०१९ ले ऑक्टोबर, २०२४ ले नोव्हेंबर. म्हंजे सोयाबीन कापनं अन् कापूस वेचनं चालू अन् बंदूक ठान्यात. जमा करायले सूट मागता येते, अर्ज द्या लागते, पन सगळ्याईले भेटत नाही. म्हनून काकूचं झटका मशीनबी पाहिजेच, दादा किती का नाही म्हनो.

डॅलसवाले दादा:
हे मला माहीत नव्हतं. मग मशीनचे पैसे मी देतो.

चंद्रपूरच्या वकीलताई:
उशिरा वाचतेय. कोणती बंदूक यावर मला मत नाही, पण लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे काकांना स्पष्ट सांगा. रानडुक्कर आणि रोही दोघेही वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होतंय म्हणून मारायचं तर कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यायची, आणि मारलेलं जनावर सरकारचं, घरी न्यायचं नाही, वाटायचं नाही. परवानगीशिवाय सूट आहे ती फक्त जीव वाचवण्यासाठी, पीक वाचवण्यासाठी नाही. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांनी लायसन्सच्या बंदुकीने डुक्कर मारलं आणि वर्षानुवर्षं तारखा खाल्ल्या.

दुसरं, तुमचं शेत टिपेश्वर अभयारण्याकडे आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सधारकाला कलम ३४ प्रमाणे वन विभागाकडे नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन्सला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. ती घेतलेली दिसतेय, नाहीतर मिळालं नसतं. आता रायफलसाठी फाइल परत हलवली तर हे सगळं परत विचारणार. आणि वाघाच्या मुलखात रात्री अंधारात आवाजावर बार टाकणं... ते लिहवतही नाही, तुम्ही समजा. हवेत बार काढून हाकलणं जमतं, तेवढ्यासाठी दुनळी पुरे. नुकसान झालं की पंचनामा आणि फोटो लगेच, भरपाईचा अर्ज मुदतीत, यात आपले लोक फार आळस करतात.

पांढरकवडेकर:
सगळ्यांचे खूप आभार. आज काकांशी दीड तास बोललो. रायफलचा अर्ज देणार नाहीत. भाऊंनी कालवडीचं लिहिलं ते वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले, मग म्हणाले शेजारच्या मचानावर आपलाच पुतण्या झोपतो. नवीन दुनळी घ्यायची ठरलं, ७० चं चेंबर, दोन ट्रिगरची, हॅमर बाहेर न दिसणारी, खांद्याला लावून पाहूनच. आजोबांची अमरावतीलाच राहील, मोठ्या बाबांच्या मुलाशी मी बोललो, त्याला ती हवी आहे पण उडवणार नाही, कारागिराला दाखवून मगच पुढचं पाहील. वन विभागाची नोंद केलीय का ते काकांना आठवत नाही, सोमवारी कागद काढतील. पंप अ‍ॅक्शनवरून धाकटा भाऊ नाराज आहे, त्याला मी पाहून घेतो. काकू, मशीनचं सांगा, साडेसात एकर आहे, एका बाजूला नाला.

अचलपूरच्या काकू:
भावाला विचारून लिहिते. एक आत्ताच सांगते, तारेखालचं गवत दर आठवड्याला कापा लागतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, मशीन टिकटिक करत राहतं आणि डुकरं खुशाल आत. नाल्याच्या बाजूने सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, तिथूनच घुसतात. रोह्यासाठी वर आणखी दोन तारा, दादांचं तेवढं बरोबर आहे. बॅटरी दिवसा शेतात सोडू नका, चोरीला जाते, आमची गेली. गड्याने संध्याकाळी शेतात न्यायची, सकाळी घरी आणायची.