पंख्याचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला?

चरईकर:
भाचा ऐरोलीला असतो, त्याने पीसीला पाण्याचं कूलिंग करायचं मनावर घेतलं आणि कुठूनतरी सेकंडहँड मो-रा ३ रेडिएटर, म्हणजे गरम पाणी थंड करणारी मोठी जाळी, उचलून आणला. १४० मिमीचे नऊ पंखे लागतात, कॅबिनेटमध्ये मावायचा प्रश्नच नाही, टेबलाशेजारी उभा करायचा. मी ठाण्यातून फोनवर सांगितलं, सगळ्या पंख्यांची तोंडं जाळीकडे कर. त्याने केली. आणि वारा उलटा! मला हवा जाळीत ढकलायची होती, हे नऊच्या नऊ जाळीतून ओढतायत. तो म्हणतो, मामा, पाती दिसतात ते तोंड, पट्ट्या आणि स्टिकर असतो ती पाठ. आता छत्तीस स्क्रू काढा परत. चूक कोणाची ते जाऊ दे, पण मराठीत या दोन बाजूंना म्हणायचं काय?

जुनी पांचपाखाडी:
चूक भाच्याची. टेबलफॅनचं तोंड इकडे कर म्हणतो तेव्हा आपल्याला वारा हवा असतो ना? वारा निघतो तिथे तोंड.

घणसोली:
इतकं सोपं नाहीये. टेबलफॅनची मोटर मागे आणि वारा पुढे, त्यामुळे पाती दिसतात तीच बाजू आणि वारा येतो तीही तीच. कॉम्प्युटरच्या पंख्यात मोटर ज्या पट्ट्यांवर बसवलेली असते त्या बाजूनेच वारा बाहेर पडतो, उघडी पाती हवा आत घेतात. म्हणजे दोन्ही खुणा उलट्या झाल्या. पोरगं चुकलेलं नाही.

नौपाड्याचे काका:
तोंड हे संस्कृत तुंडवरून. तुंड म्हणजे चोच, सोंड, वक्रतुंड आठवा. तोंडाचं काम घेण्याचं. त्यामुळे हवा घेते ती बाजू तोंड, भाचा बरोबर!

जुनी पांचपाखाडी:
काका, मग गळवाच्या तोंडातून आत काय जातं?

सानपाडा सेक्टर पाच:
तीस वर्षं सरकारी नोकरीत आवक-जावक टेबलावर काढली. आवक बाजू, जावक बाजू म्हणा, कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

नौपाड्याचे काका:
आवक मालाची. वाशी मार्केटला कांद्याची आवक होते, वाऱ्याची नाही. अंतर्गम-बहिर्गम असे चांगले शब्द असताना कचेरीतले कशाला? आणि रेडिएटरला प्रारक म्हणायला जीभ अडखळते का?

घणसोली:
अडखळते. आणि अर्थही चुकतो. प्रारण म्हणजे रेडिएशन, हा डबा प्रारणाने फारच थोडी उष्णता टाकतो, बाकी सगळी वारा घेऊन जातो, म्हणून तर नऊ पंखे. इंग्रजांनी नाव चुकीचं ठेवलं, आपण त्या चुकीचं शुद्धलेखन करायचं? गॅरेजवाला जाळी म्हणतो, जाळीच म्हणा.

उरणकर:
मला आधी वाटलं मो-रा म्हणजे आमचं मोरा बंदर. लाँच भाऊच्या धक्क्यावरून सुटते ती मोऱ्याला लागते. त्यावरून सुचलं, हवा जाळीत ढकलण्याला इंग्रजीत पुश म्हणतात, त्याला धक्का म्हणा. पुश फॅन म्हणजे धक्क्याचा पंखा.

जुनी पांचपाखाडी:
धक्क्याच्या पंख्याला हात लावला तर शॉक बसेल असं वाटतं. आमच्याकडे नळावर धक्का लागला म्हणूनही भांडणं होतात. ढकल आणि ओढ बरं आहे.

नौपाड्याचे काका:
ओढ माहेरची असते.

कळवा स्लो:
शब्दांचं चालू द्या, पण चरईकर, स्क्रू काढू नका. ओढणाऱ्या पंख्यांनी फार बिघडत नाही, ढकल आणि ओढमध्ये फरक जेमतेम पडतो, उलट धूळ जाळीच्या उघड्या अंगावर बसते ती ब्रशने पंखे न काढता निघते. ऐरोलीची धूळ माहीत आहे ना. काढलेच तर परत लावताना लांबी बघा, २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू बहुतेक पुरतो, त्याहून लांब घुसवला आणि खाली पाण्याची नळी आली तर भोक पडलंच. माझ्या हातून एकदा पडलंय. आणि दाट जाळीला नुसता जास्त हवेचा पंखा नको, स्टॅटिक प्रेशर बघा, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायचा जोर. ते मिलिमीटर पाण्यात देतात, दोन-अडीच असलं तरी चांगलं.

सानपाडा सेक्टर पाच:
मिलिमीटर पाणी? म्हणजे पावसासारखं?

कळवा स्लो:
तितका पाण्याचा थर जेवढा दाब देईल तेवढा दाब.

नौपाड्याचे काका:
स्थितिक दाब. लिहून ठेवा.

घणसोली:
स्थिर का नाही?

नौपाड्याचे काका:
स्थिर म्हणजे न बदलणारा. हा बदलतो.

चरईकर:
पंख्याच्या कडेला दोन बाण असतात म्हणे, एक फिरण्याचा आणि एक वाऱ्याचा. भाच्याने फोटो पाठवलाय, त्याच्या पंख्यांवर एकच आहे. आता हा कोणता?

उरणकर:
बाणाला तीर म्हणा, बंदराला शोभेल.

जुनी पांचपाखाडी:
तीर म्हणजे काठ पण, आणि काठावर धक्का...

नौपाड्याचे काका:
थांबा, बाणवाला तीर फारसी, काठवाला संस्कृत. दोन वेगळे शब्द आहेत.