तळ्याचा काठ ढासळतोय, काँक्रीटची भिंत बांधावी का?

काठकर: तळ्याकाठी आमचं छोटं घर आहे, आजूबाजूला बाकीच्यांचीही सुट्टीची घरं. काठ दरवर्षी थोडा थोडा आत येतोय, पाण्यालगतच्या मोठ्या झाडाची मुळं उघडी पडलीत, खालून हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. शेजारी म्हणतायत सगळे मिळून काँक्रीटची भिंत घालून टाकू. मला पटत नाहीये पण दुसरा उपाय काय ते सांगता येत नाही. आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय येते, तिचा याच्याशी काही संबंध?

लव्हाळी: भिंत नकोच. उताराच्या काठावर लाट चढते आणि जिरते, उभ्या भिंतीवर आपटली की तो सगळा जोर खाली वळतो आणि पायथ्याची माती उकरतो, मग भिंतच पुढे कलायला लागते. आणि जिथे भिंत संपते तिथला शेजाऱ्याचा काठ आधीपेक्षा जास्त खचतो. बेडूक-कासवांना वर यायची वाट बंद होते ते वेगळंच. लॉन पाण्यापर्यंत नेलंय का? गवत सारखं कापलं की मुळं वरवरच राहतात, ती काठ काय धरणार. पाण्यालगतचा पट्टा कापायचा बंद करा, लव्हाळा, पाणकणीस, वाळुंज असं तिथलंच जे उगवतं ते वाढू द्या. फार खचलंय तिथे पायथ्याशी काथ्याच्या जाड गुंडाळ्या खुंटीने बसवून त्यात रोपं लावतात, काथ्या कुजेपर्यंत मुळं धरतात. पाण्यात पडलेलं झाड पण ओढून काढू नका, लाट तिथेच मोडते आणि माशांची पिल्लं त्यात लपतात. काम काढायच्या आधी परवानगी लागते का ते मात्र बघा.

निळंपाणी: सायीचा संबंध आहेच! ती साय म्हणजे शेवाळ, आणि ते वाढायचं मुख्य कारण फॉस्फरस. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने एका तळ्याच्या मधोमध पडदा घालून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. तुमच्याकडे तो लॉनच्या खतातून, खचलेल्या मातीतून आणि सेप्टिक टँकमधून येत असणार. टँक ३ ते ५ वर्षांनी उपसायला हवा, सुट्टीच्या घरांत हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. औषध मारून शेवाळ घालवायच्या नादी लागू नका, निळं-हिरवं शेवाळ मरताना आतलं विष पाण्यात सोडतं. साय असेल तेव्हा मुलांना आणि कुत्र्याला पाण्यात सोडू नका, प्लीज.

काठकर: मनापासून थँक्स दोघांना. लॉन पाण्यापर्यंत आहे, हो. पण झुडपं वाढवली तर पाणी दिसणार नाही म्हणून लोक अडून बसतील, त्यांना काय सांगू?

लव्हाळी: खिडकीसमोर बुटकी झुडपं लावा, मोठ्या झाडांच्या फक्त खालच्या फांद्या छाटा, दिसतं व्यवस्थित. उतरायला एकच अरुंद वाट ठेवा आणि ती वाकडी काढा, सरळ वाटेवरून पावसाचं पाणी माती घेऊन थेट तळ्यात जातं.

वल्हेवाला: बोटींचं पण बघा, काठाजवळ वेगाने गेलं की त्या लाटा काठ खातात आणि उथळ पाण्यात तळाचा गाळ ढवळला की त्यातला फॉस्फरस परत वर येतो. काठाजवळ सगळ्यांनी हळू चालवायचं एवढं तरी ठरवून घ्या. दुसऱ्या तळ्यातून आलेली बोट धुऊन, पूर्ण निथळून, वाळवूनच उतरवू द्या, नाहीतर नको ती वनस्पती येऊन बसते. आणि पाणी किती नितळ आहे ते मोजायला एक सेक्की डिस्क करून घ्या, २० सेंमीची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून खाली सोडायची, दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहायची. दर वेळी तीच जागा, दुपारची वेळ. भिंतीवरून पुढची मीटिंग होईल तेव्हा ती वही घेऊन जा.