मदत हवी आहे: मालवणात बिलावरून वाद

रविवारी आईबाबांना घेऊन मालवणला गेलो होतो. किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात दोन सुरमई थाळ्या आणि एक तळलेलं पापलेट मागवलं. मेनूकार्डावर पापलेटसमोर नुसतं ‘साइजप्रमाणे’. भाव विचारला तर वेटर म्हणाला, "होईल चारशेपर्यंत." बिलात लावले ९५०! मासाही शिळा, काट्याजवळ काळपट. बाबांनी एका घासात ताट सरकवलं. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तो परस्पर बिलात लावता येत नाही, एवढंच म्हणालो तर मालक आईसमोर अंगावर आला. फार वाईट वाटलं. शेवटी पैसे भरले.

हातात कच्चं बिल आहे. जीएसटी घेतलाय, पण नंबर छापलेला नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला हे बिल आणि यूपीआयची नोंद पुरेल का? कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगा.