जवळचे दोन सूर एफएफटीत वेगळे दिसत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, संगीतशास्त्र आणि ध्वनितंत्रज्ञानाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मी गाण्याकडून आलेय, गणित शाळेनंतर सुटलं ते सुटलंच.

प्रात्यक्षिकासाठी दोन तारा एकत्र छेडून रेकॉर्ड केल्या, ११० आणि ११६.५ हर्ट्झ. सेकंदाला साडेसहा वेळा आवाज थरथरतो, ते कानाला स्वच्छ कळतं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, मात्र एकच जाड डोंगर! सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) ४४,१०० हर्ट्झ, एफएफटी (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या काढणारी गणिती पद्धत) ४,०९६ नमुन्यांचा. म्हणजे दोन बिनांत (आलेखावरच्या वारंवारतेच्या शेजारच्या घरांत) साधारण १०.८ हर्ट्झचं अंतर, इथवर माझं मला उमगलं. १६,३८४ नमुने घेतल्यावर दोन शिखरं दिसली, पण तार छेडल्याचा क्षण जवळजवळ ३७० मिलिसेकंदांत पसरून गेला. आणि मला तर तोच क्षण अभ्यासायचाय, वाद्याची ओळख निम्मी तिथेच असते.

४,०९६ नमुन्यांपुढे शून्यं जोडली तर सूर खरंच वेगळे होतील, की नुसता आलेख गुळगुळीत होईल? दोन वेगळ्या लांबीच्या खिडक्या (एका वेळी तपासायचे आवाजाचे तुकडे) वापरून दोन आलेख दिले तर चालतं का? तुम्ही काय करता?

आणि फूरिए, म्हणजे एफएफटीमागचं गणित, नीट समजायला आधी त्रिकोणमिती पक्की करू, की थेट संमिश्र संख्यांना हात घालू? ज्यांनी हे शून्यातून केलंय त्यांनी कृपया सांगा.